धुतलेल्या मॉपला पुन्हा पुन्हा कुबट वास येतो? आधी तो वाळतो का ते बघा

मॉप साबण लावून धुतला, घट्ट पिळला, मोरीच्या कोपऱ्यात उभा केला. दुसऱ्या दिवशी लादी पुसायला घेतला तर तोच कुबट वास, आणि पुसून झाल्यावर तो खोलीभर. मग बादलीत फिनेलच्या एका झाकणाऐवजी दोन झाकणं पडतात. तासभर घराला फिनेलचा वास, त्यानंतर पुन्हा ओल्या पोतेऱ्याचा. जून ते सप्टेंबर गोव्यातल्या कितीतरी घरांत हे रोज चालतं, आणि बोल मात्र कामाला येणाऱ्या मावशींना लावला जातो.

त्यांचा दोष नसतो. हा वास मळाचा कमी आणि ओलीचा जास्त असतो. ओल्या धाग्यांत जिवाणू वाढतात आणि वास त्यांच्यापासून येतो. धुतलेल्या कपड्यांना नीट न वाळल्यावर जो दर्प येतो, त्यामागे मोराक्झेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं संशोधनातून पुढे आलेलं आहे. मॉपची कथा त्याच जातीची. वाढायला ओल, ऊब आणि थोडं खाद्य हवं. पावसाळ्यात इथल्या हवेत आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे ओल आणि ऊब फुकट. खाद्य आपण देतो: स्वयंपाकघरातलं तेल, अंगाचा मळ, केस आणि न निघालेला साबण. म्हणून नुसतं धुणं हे अर्धंच काम. मॉप ठरावीक वेळेत वाळला नाही, तर तो कितीही धुवा, दोन दिवसांत पुन्हा तिथेच येतो.

कशामुळे बिघडलंय ते आधी ओळखा

तीन साध्या परीक्षा करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली: वाळलेला मॉप कोमट साध्या पाण्यात बुडवा आणि लगेच वास घ्या. कोरडा असताना वास नव्हता आणि भिजताच आला, तर जिवाणू धाग्यांच्या आतपर्यंत बसलेत. वरवर साबण फिरवून ते जाणार नाहीत, खाली दिलेली गरम पाण्याची धुलाई करावी लागेल.

दुसरी: स्वच्छ पाण्यात मॉप दाबून सोडा, पुन्हा दाबा. साबण घातलेला नसताना फेस आला, तर आधीचा साबण किंवा लादीचं द्रावण आत साचलंय. लादी चिकट लागणं, पावलांचे ठसे उमटणं, वाळल्यावर पांढरट पट्टे दिसणं हे सगळं इथूनच येतं.

तिसरी विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी. रात्री पांढऱ्या बादलीत पाणी भरून ठेवा. सकाळी तळाला तांबूस गाळ किंवा वर तेलासारखा दिसणारा पातळ तवंग असेल, तर पाण्यात लोह आहे. असा मॉप धुतल्यावरही पिवळट-तपकिरी राहतो, आणि त्यावर ब्लीच ओतलं की आणखी पिवळा होतो, कारण ब्लीचमुळे पाण्यातलं लोह गंजाच्या रूपात धाग्यांवरच बसतं.

गरम पाण्याची धुलाई

सुरुवात पाण्याने करू नका. मॉप बाहेर नेऊन कोरडाच झटका. किनाऱ्याजवळच्या घरांत मॉपमध्ये वाळू असतेच. ती ओली झाली की धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते आणि पुढच्या वेळी लादीवर ओरखडे काढते. अडकलेले केस जुन्या कंगव्याने ओढून घ्या.

स्पिन मॉपचा गुच्छ चकतीवरून काढून वेगळा धुवा. दांडा सरळ उभा धरायचा, गुच्छाच्या कडेचे धागे पायाने दाबून धरायचे आणि दांडा एका बाजूला कलवत वर उचलायचा. चकती ‘टक्’ करून सुटते. बहुतेक घरांत गुच्छ विकत आणल्यापासून कधीच काढलेला नसतो. काढल्यावर चकती आणि गुच्छाच्या कडीमध्ये काळा बुळबुळीत थर दिसेल. निम्मा वास तिथला असतो. जुन्या टूथब्रशने तो घासून काढा.

आता पाणी. मायक्रोफायबरला साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान पुरे. त्याहून फार जास्त उष्णतेने धागे आखडतात आणि पाणी कमी शोषतात. थर्मामीटरची गरज नाही: उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समप्रमाणात मिसळलं की इथल्या हवामानात ६० ते ६५ अंश मिळतात. स्पिन मॉपच्या प्लास्टिकच्या बादलीत आधी नळाचं पाणी घाला, मग उकळतं. उलट केलंत तर बादली वाकते. सुती मॉपला ही मर्यादा नाही, तो सरळ उकळत्या पाण्यात टाकला तरी चालतो.

५ लिटर पाण्याला २ मोठे चमचे (साधारण ३० ग्रॅम) धुण्याचा सोडा आणि कपड्यांच्या पावडरीचा १ लहान चमचा. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांत गल्लत होते. खाण्याचा सोडा खूप सौम्य असतो, त्याने तेल सुटत नाही. धुण्याचा सोडा हाताळताना रबरी हातमोजे घाला, कारण त्वचा कोरडी पडून चरचरते. मॉप अर्धा तास भिजू द्या, मधून दोन-तीनदा दाबून सोडा. पाणी चहासारखं काळं झालं, तर ते ओतून पुन्हा तेवढ्याच प्रमाणाने एक फेरी करा.

आपल्या स्वयंपाकघरासाठी गरम पाणी आणखी एका कारणाने गरजेचं आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. मासे तळताना उडालेलं तेल किंवा नारळाच्या रसाचे शिंतोडे मॉपने पुसले, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंड पाण्यात मॉप धुतला, तर तेल मेणासारखं धाग्यांत घट्ट होतं. थंड पाण्याने कितीही खळबळा, ते हलत नाही. पुढे ते खवट होतं आणि वासात भर घालतं. तेल सांडलं असेल तर आधी रद्दी कागदाने टिपून घ्या, मॉप त्यानंतर. चवथीच्या दिवसांत देवापुढच्या समईचं तेल लादीवर येतं तेव्हाही हेच करा.

वास जुना असेल तर सोड्यानंतर एक टप्पा वाढवा, पण तो मॉपच्या जातीप्रमाणे. मायक्रोफायबरसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर, ५ लिटर गरम पाण्याला २ मोठे चमचे, १ तास. ही पावडर गार पाण्यात फार मंद चालते, ४० अंशांच्या वर तिचा खरा उपयोग होतो. द्रावणातून वायू सुटत राहतो, म्हणून भांड्याला घट्ट झाकण लावू नका. पांढऱ्या सुती मॉपसाठी साधं क्लोरीनचं ब्लीच चालतं: बाजारातलं साधारण ५ टक्क्यांचं द्रव ब्लीच गार पाण्यात, १ लिटरला २० मिली, १० मिनिटं, आणि लगेच धुऊन टाकायचं. मायक्रोफायबरला हे ब्लीच नको. त्यातला नायलॉनचा अंश क्लोरीनने कमकुवत होतो आणि मॉप लादीवर धागे सोडू लागतो.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. क्लोरीनचं ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवाबरोबरही विषारी वायू होतो. फिनेलच्या बादलीतही ब्लीच ओतू नका. एका वेळी एकच रसायन, आणि दोन रसायनांच्या मध्ये मॉप दोन पाण्यांतून काढायचा.

शेवटचं खळबळणं सगळ्यांत जास्त वगळलं जातं, आणि तिथेच मॉप पुन्हा बिघडतो. पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत पाणी बदला. साधारण तीन बादल्या लागतात. कपड्यांना लावतात तो सुगंधी सॉफ्टनर मॉपला कधीही लावू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मायक्रोफायबरचं पाणी शोषणं थांबतं. मॉप नुसता पाणी ढकलत फिरत असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. वर दिलेल्या सोड्याच्या दोन फेऱ्यांनी तो बराच सुधारतो.

वॉशिंग मशीनमध्ये धुवायचा असेल तर गुच्छ जाळीच्या पिशवीत, ६० अंशांवर, सॉफ्टनरशिवाय, आणि भांडी पुसायच्या फडक्यांबरोबर कधीच नाही. त्याआधी वाळू झटकलेली असणं महत्त्वाचं, नाहीतर ती मशीनच्या पाणी सोडणाऱ्या पंपाच्या जाळीत जाते.

मीठ: गोव्यात मॉप न वाळण्याचं दडलेलं कारण

लादी पुसायच्या पाण्यात मूठभर मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. समुद्राजवळच्या घरांत तर मीठ न टाकताही येतं. वाऱ्याबरोबर, ओल्या पायांबरोबर, वाळूबरोबर.

जूनमध्ये मिठाच्या बरणीत काय होतं ते आठवा. मिठाचे खडे ओलसर होतात, तळाला पाणी सुटतं. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतः विरघळायला लागतं. मॉपच्या धाग्यांत साचलेलं मीठ नेमकं तेच करतं. पिळलेला, पंख्याखाली टांगलेला मॉपही मग ओलसरच लागतो, कारण तो एकीकडे वाळतो आणि दुसरीकडे हवेतून पाणी ओढत असतो. उन्हाळ्यात हे जाणवत नाही, पावसाळ्यात मॉप आठ-आठ दिवस दमट राहतो. ओळख सोपी आहे: मॉप वाळून कडक झाल्यासारखा वाटतो, पण पावसाची सर आली की हाताला पुन्हा गार आणि चिकट लागतो.

मीठ घालून पुसायचंच असेल तर जरूर पुसा, पण त्यानंतर मॉप साध्या पाण्याच्या दोन बादल्यांतून काढल्याशिवाय टांगू नका. इथे साबण लागत नाही. मीठ नुसत्या पाण्याने निघतं.

तांबडी माती

अंगण जांभ्याचं, वाट जांभ्याची, कुंपण चिऱ्यांचं. डिचोली, सांगे, केपे भागात तर पावसात चपलांबरोबर घरात येते ती तांबडी मातीच. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका अर्थी गंजाचाच, त्यामुळे साबणाचा तिच्यावर फारसा परिणाम नाही आणि क्लोरीनच्या ब्लीचचा तर अजिबात नाही.

मातीने भरलेला मॉप आधी साध्या पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत धुवा. मग १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवून त्यात तासभर ठेवा. गंजाचे पिवळट डाग यात बरेच फिके होतात. मातीचा महिनोन्महिने बसलेला लाल रंग मात्र पूर्ण जात नाही, आणि तो घालवण्यात वेळ घालवूही नये. रंग म्हणजे मळ नव्हे. मॉपला वास नसेल आणि तो पाणी नीट शोषत असेल, तर तांबूस मॉप अगदी स्वच्छ असू शकतो. पुढच्या वेळी राखाडी किंवा निळा गुच्छ घ्या.

माडाचं व्हिनेगर किंवा आमसुलाचं पाणी यासाठी वापरू नका. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात हे खरं, पण धाग्यांवर त्याचा जांभळट रंग चढतो, आणि व्हिनेगर नीट धुतलं गेलं नाही तर चिलटं जमतात.

उरलेलं सायट्रिक ॲसिडचं पाणी लादीवर फिरवायचा मोह टाळा. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीच्या कुळातले दगड. जुन्या घरांतली रंगीत नक्षीची सिमेंटची लादी आणि लाल कोबाही सिमेंटचाच. आम्लाने या सगळ्यांची चकाकी जाते आणि ती परत येत नाही. तो मॉपही दोन पाण्यांतून काढूनच अशा लादीवर न्या.

वाळवणं

पिळण्यापासून सुरू करा. स्पिन मॉप एकदा फिरवून थांबू नका: फिरवा, गुच्छ हाताने सुटा करा, पुन्हा फिरवा. दुसऱ्या फेरीत निघणारं पाणी बघून आश्चर्य वाटेल. मग गुच्छ चकतीवरून काढून कडीने दोरीवर अडकवा, धागे मोकळे, भिंतीला न टेकणारे. दांड्यासकट टांगायचा असेल तर गुच्छ खाली ठेवा, जमिनीपासून सुटा. गुच्छ वर करून उभा केला की पाणी मुळाशी उतरतं, आणि सुती मॉपची लोखंडी पट्टी असेल तर ती गंजते; त्या गंजाचे डाग मग धाग्यांवर आणि तिथून लादीवर येतात.

ओला मॉप त्याच्याच बादलीच्या चाळणीत ठेवून देणं ही सगळ्यांत वाईट सवय. खाली बादलीत पाणी, वर मॉप, मध्ये हवा खेळत नाही.

पावसाळ्यात मोरी, जिन्याखालची जागा आणि बंद गॅलरी या तिन्ही टाळा. आतल्या खोलीत चालू पंख्याखाली नीट पिळलेला मायक्रोफायबर एका रात्रीत वाळतो. जाड सुती मॉपला दोन दिवसही अपुरे पडतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर सुती मॉप बाजूला ठेवावा, हे आमचं ठाम मत आहे. एकाच गुच्छावर पावसाळा काढू नका. तीन ठेवा: एक वापरात, एक वाळताना, एक कोरडा. खर्च थोडा वाढतो, पण प्रत्येक गुच्छ जास्त टिकतो. संडास-बाथरूमचा चौथा, पूर्ण वेगळा. ओळखायला त्याच्या कडीला जाड लाल दोरा बांधा.

सरींमध्ये दोन तास जरी ऊन पडलं तरी सगळे गुच्छ बाहेर काढा. वाळवण्याच्या बाबतीत उन्हाची बरोबरी पंखा करू शकत नाही.

फिनेलचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, त्याहून जास्त घालून वास जात नाही. फिनेलचा तेलकट अंश धाग्यांत साठतो आणि मळ धरून ठेवतो. काळं फिनेल मायक्रोफायबरला नकोच, डाग पडतात. लादी चिकट होत असेल तर आठवडाभर नुसत्या साध्या पाण्याने पुसून बघा.

बादली आणि दांडा बिघडला तर

चाळणी अडकत फिरत असेल तर तिच्या आसाभोवती केस गुंडाळलेले असतात. काही बादल्यांत चाळणी सरळ वर ओढली की निघते, काहींत मध्यभागी टोपणाखाली स्क्रू असतो. केस ब्लेडने कापून चिमट्याने ओढा, वाळू धुऊन टाका, कोरडं करून बसवा. स्क्रूवर बोटभर व्हॅसलिन लावलं तर खाऱ्या हवेत तो गंजत नाही. खोबरेल तेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं.

दांडा दाबला तर खाली जातो पण गुच्छ फिरत नाही? आधी दांड्यावरचं कुलूप बघा. फिरकीसाठी ते उघडं आणि पुसताना बंद असावं लागतं. कुलूप ठीक असूनही दांडा नुसता सरकत असेल, तर आतली प्लास्टिकची चक्री झिजलीय. ती दुरुस्त होत नाही, दांडाच बदलावा लागतो. गुच्छ थरथरत, एका बाजूला झुकून फिरत असेल तर चकती अर्धीच बसलेली असते: गुच्छ जमिनीवर पसरा, चकती मधोमध ठेवा आणि पायाने सगळ्या बाजूंनी दाबून ‘टक्’ आवाज येऊ द्या.

बादलीच्या तळाचं बूच काढून पाणी रोज पूर्ण सोडा. तळाला बोट फिरवून बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. ब्रश आणि धुण्याच्या सोड्याने घासा, बादली उलटी करून वाळवा. मॉप धुतला आणि बादली तशीच राहिली, तर पहिल्याच बुडवण्यात वास परत येतो.

गुच्छ कधी टाकायचा

धागे चपटे होऊन एकमेकांना चिकटले, हाताला खरखरीत लागू लागले, किंवा गरम धुलाईच्या दोन फेऱ्यांनंतरही वास दोन दिवसांत परतला, तर टाका. रोजच्या वापरात तीन-चार महिने ही साधारण मुदत धरा. नवा घेताना जुन्या चकतीची रुंदी मोजून न्या. बहुतेक १६ सेंटिमीटरच्या आसपास असतात, पण एक सेंटिमीटरचा फरकही पडला तर गुच्छ बसत नाही. गोल आणि तिकोनी खाचेचे गुच्छ एकमेकांना चालत नाहीत, म्हणून जुना गुच्छच पिशवीत घालून म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात न्या.

पुराचं किंवा गटाराचं पाणी घरात शिरलं असेल तर ते काढायला वापरलेला मॉप धुऊन पुन्हा घरात वापरू नका. अशा पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, आणि ते पायाच्या भेगांतून, हाताच्या खरचटलेल्या जागेतून शरीरात जातात. रबरी हातमोजे आणि गमबूट घालून काम करा, मॉप पिशवीत बांधून टाकून द्या, आणि बादली व दांडा वर दिलेल्या २० मिली ब्लीचच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून धुवा. पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पुराचं पाणी उपसल्याचं आवर्जून सांगा.